आमच्या गावातली दुसरी डेअरी आणि अमेरिका-चीनचं भांडण

गेल्या महिन्यात भाचा आला होता. पुण्यात राहून राज्यसेवेचा अभ्यास करतोय, डोळ्याखाली काळं आलंय पोराच्या. रात्री जेवणं झाल्यावर म्हटलं चल, आणि कोल्हापुरात गंगावेशीत दूध कट्ट्यावर घेऊन गेलो. बाहेरगावच्या लोकांना सांगून पटत नाही, पण इथं म्हशी रस्त्याकडेला आणून उभ्या करतात आणि गिऱ्हाईकासमोर धार काढून फेसाचा ग्लास तसाच हातात देतात, कोमट. अर्धा ग्लास संपला, ओठावर फेस, आणि पोरगं म्हणालं, "मामा, एक सांगा की. सॉलोमन बेटं म्हणून देश आहे, सगळा मिळून सात-आठ लाख लोकवस्ती. तिथं चीननं सुरक्षा करार केला, पुढच्याच वर्षी अमेरिकेनं तीस वर्षं बंद असलेली वकिलात परत उघडली. आहे काय ओ तिथं एवढं? नारळ आणि मासे. क्लासमध्ये सांगितलं भूराजकीय महत्त्व. म्हणजे काय?"

भूराजकीय महत्त्व हा शब्द मला डॉक्टरच्या "व्हायरल आहे" सारखा वाटतो. आजार कळो न कळो, पेशंट गप बसतो. मी म्हटलं, ते राहू दे, तुझ्या आजोळात दूध संस्था किती? म्हणाला दोन. पूर्वी किती होत्या? एक. मग मधल्या काळात गावातल्या म्हशी दुप्पट झाल्या का? हसायला लागला. त्याला माहीत होतं, कमीच झाल्यात.

त्या रात्री त्याला जे सांगितलं तेच इथं जरा नीट लिहितोय, कारण हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो की दोन महासत्तांचं भांडण एका ठिकाणी असतं, आणि ते आग लागल्यासारखं कुठल्या कुठं लांब, ज्या देशाचं नाव आपण ऐकलेलं नाही तिथं कसं जाऊन पोचतं.

तर आमच्या गावाची गोष्ट. गाव पन्हाळा तालुक्यातलं, नाव सांगत नाही, उगाच कुणाला राग यायचा. तिथं देवळाशेजारच्या खोलीत एकच दूध संस्था होती. चेअरमन आणि त्यांचा चुलतभाऊ यांचा बांधावरनं वाद झाला, फूटभर जमीन असंल, त्यात एक आंब्याचं झाड. चुलतभाऊ संस्थेतनं फुटला. पण दुसरी संस्था काढायची म्हणजे खायचं काम आहे का, नोंदणी पाहिजे, दुधाचं फॅट मोजायचं मशीन पाहिजे, संघाची गाडी आपल्या दारात थांबली पाहिजे. एकट्याच्या बापानं होत नाही ते. म्हणून तो गेला तालुक्यातल्या विरोधी गटाच्या नेत्याकडं. आता तो नेता जन्मात कधी आमच्या गावात आला नव्हता, यायचं कारणच काय, अडीचशे उंबऱ्याचं गाव. पण त्यानं मनातल्या मनात एक हिशेब केला आणि पंधरा दिवसात नोंदणीची फाइल हलली.

तो हिशेब काय, ते सहकार माहीत नसणाऱ्यांसाठी सांगतो. जिल्ह्याच्या दूध संघाच्या निवडणुकीत म्हशीवाल्याला मत नसतं. गावची संस्था ठराव करून एकाचं नाव पाठवते, तो ठरावधारक, मत त्याचं. संस्था दिवसाला दोन हजार लिटर घालू दे नाहीतर दीडशे, ठराव एकच. म्हणजे एका गावात दोन संस्था झाल्या की दूध तेवढंच राहतं, मतं दोन होतात. निवडणूक जवळ आली की हे ठरावधारक अचानक देवदर्शनाला जातात, एसी गाडीतनं, मोबाइल बंद करून, आणि मतदानाच्या दिवशी सकाळी उगवतात. इथल्या लोकांना हे नवीन नाही.

आता संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत बघा. तिथंही ठरावच. चीनला १४० कोटी लोक म्हणून १४० मतं मिळत नाहीत. प्रशांत महासागरात नऊरू म्हणून देश आहे, २१ चौरस किलोमीटर, लोकवस्ती १२ हजाराच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या बाजारगावाएवढा. त्याचं पण एक मत. तैवानला देश मानायचं की चीनला, यावर या नऊरूनं २००२ ला तैवान सोडून चीन धरला, २००५ ला परत तैवान, आणि जानेवारी २०२४ मध्ये परत चीन. आपल्याकडं गट बदलतात म्हणून लोक नावं ठेवतात, हे तर आख्खं सार्वभौम राष्ट्र. आणि प्रत्येक उडीला काहीतरी पदरात पडतंच.

चीननं हे ठरावाचं गणित फार आधी शिकून घेतलंय. १९६० च्या दशकात आफ्रिकेतल्या झांबियाला त्यांचं तांबं समुद्रापर्यंत न्यायला ऱ्होडेशियाच्या (आजचा झिंबाब्वे) गोऱ्या सरकारला टाळणारी रेल्वे पाहिजे होती. जागतिक बँकेनं आणि पाश्चात्त्य देशांनी परवडत नाही म्हणून हात वर केले. चीन तेव्हा स्वतः गरीब, घरात सांस्कृतिक क्रांतीचा गोंधळ, तरी त्यांनी टांझानियाच्या दार-ए-सलामपासून झांबियापर्यंत १,८६० किलोमीटरची रेल्वे बांधून द्यायला घेतली, १९७० ते ७५. आणि मधेच, २५ ऑक्टोबर १९७१ ला, संयुक्त राष्ट्रातली तैवानच्या सरकारची खुर्ची काढून बीजिंगला द्यायची का यावर मतदान झालं, बाजूनं ७६, विरोधात ३५, तटस्थ १७. त्या ७६ मध्ये आफ्रिकेतले नवे स्वतंत्र झालेले देश मोप होते. सगळे रेल्वेमुळंच फिरले असं कुणी म्हणणार नाही, पण रेल्वेचं नाव घेतल्याशिवाय ती बेरीज समजत पण नाही. गंमत म्हणजे त्याच तांब्यासाठी आणि शेजारच्या काँगोतल्या कोबाल्टसाठी अमेरिकेनं अलीकडं उलट्या दिशेची, अंगोलातल्या लोबिटो बंदराकडं जाणारी रेल्वे धरली. एकाच खाणीला दोन संस्थांच्या दोन गाड्या.

आता सॉलोमनवर येतो, कारण पोरानं तेच विचारलं होतं. तिथला बांध कुठला?

तिथं दोन मोठी बेटं महत्त्वाची, ग्वादलकनाल आणि मलाइता. राजधानी होनियारा ग्वादलकनालवर, आणि ती तिथं का तर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं उभारलेले रस्ते, शेड, धावपट्टी आयतं मिळालं म्हणून. राजधानी झाली तसं मलाइताची माणसं कामधंद्याला तिकडं आली, जमिनी घेतल्या, राहिली, आणि मूळच्या लोकांच्या डोळ्यात खुपायला लागली. १९९८ ला उघड मारामाऱ्या सुरू झाल्या, शेवटी २००३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखाली फौज आली ती २०१७ पर्यंत मुक्कामाला होती. मग २०१९ ला पंतप्रधान सोगावारे यांनी तैवानशी ३६ वर्षांचा संबंध तोडून चीन धरला. मलाइता प्रांताचे प्रमुख डॅनियल सुइदानी म्हणाले आम्हाला मान्य नाही, चिनी कंपन्या आमच्याकडं नकोत, आणि तैवान-अमेरिकेची मदत घ्यायला लागले. म्हणजे बघा, राजधानीवाले एका गटात गेले की मलाइतावाले आपोआप दुसऱ्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये होनियारात दंगल झाली, चायनाटाउन जाळलं. सोगावारेंनी आधी ऑस्ट्रेलियाचे पोलीस बोलावले, मग चीनची पोलिसी मदत घेतली, आणि एप्रिल २०२२ मध्ये चीनबरोबर सुरक्षा करार. फेब्रुवारी २०२३ ला अमेरिकेची वकिलात उघडली, १९९३ पासून बंद होती. त्याच वर्षी तिथं पॅसिफिक गेम्स झाल्या, स्टेडियम चीननं बांधून दिलेलं. आमच्याकडं भजनी मंडळाला स्पीकर सेट आणि तालमीला मॅट येते, तिथं स्टेडियम.

मलाइता आणि ग्वादलकनालच्या लोकांना चीनच्या कम्युनिझमचं किंवा अमेरिकेच्या लोकशाहीचं काय पडलेलं होतं? काही नाही. आमच्या चुलतभावाला तरी त्या नेत्याच्या पक्षाचा जाहीरनामा कुठं माहीत होता, त्याला आंब्याचं झाड पाहिजे होतं. माझं म्हणणं एवढंच की महासत्ता नकाशावर बोट ठेवून उद्यापासून इथं भांडू असं क्वचित ठरवतात. जास्त वेळा तिथल्याच भांडणातला कमजोर पडलेला माणूस जाऊन त्यांचं दार वाजवतो. कुठल्या गावात गट शिरणार हे गावातला बांध ठरवतो.

याला अपवाद आहे, तो सांगितला पाहिजे नाहीतर लबाडी होईल. स्वतःच्या अंगणात महासत्ता आमंत्रणाची वाट बघत नाही. १९५६ मध्ये सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले तेव्हा तिथल्या लोकांनी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. पण ते जुनं, हद्दीतलं. नवीन मुलखात पाय टाकायला आतनं कुणीतरी कडी काढावी लागते.

भाचा म्हणाला, ते समजलं, पण दार वाजवलं म्हणून नेत्यानं उघडायचंच असं कुठं आहे? नाही म्हणता येतं की.

येतं. पण नाही म्हणायला भीती वाटते, ती भीती समजून घ्यायला पाहिजे. त्याच ग्वादलकनालवर १९४२ ला जपाननं विमानांची धावपट्टी बांधायला घेतली. नकाशावर अमेरिका ते ऑस्ट्रेलिया रेघ ओढली तर ती धावपट्टी त्या रेघेच्या उशाला येते. ७ ऑगस्ट १९४२ ला अमेरिकन सैन्य उतरलं आणि पुढं सहा महिने तिथं हजारो माणसं मेली, मलेरियानं हैराण झाली ती वेगळीच. त्यामुळं आता चिनी करार झाल्यावर वॉशिंग्टन आणि कॅनबेरातल्या माणसांना नारळ दिसत नाहीत, ती धावपट्टी दिसते. बेट आपल्याला नको असतं, पण त्याला मिळालं तर आपलं काय, हा प्रश्न झोपू देत नाही. आणि हाच प्रश्न पलीकडच्यालाही पडलेला असतो, म्हणून दोघंही अशा जागेवर पैसा घालतात जिची दोघांनाही एरवी गरज नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण कोरिया. जानेवारी १९५० मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन अचेसन यांनी भाषणात आपली संरक्षणाची रेघ सांगितली, त्यात जपान होता, फिलिपिन्स होतं, कोरिया नव्हता. २५ जूनला उत्तर कोरियाचं सैन्य खाली घुसलं आणि आठवड्याच्या आत अमेरिका युद्धात. पाच महिन्यात कोरियात सोन्याची खाण सापडली नव्हती. जानेवारीत तो कोरिया होता, जूनमध्ये ती जपानची पायरी झाली.

आणि एक पायरी कधी पुरत नाही. हे आमच्याकडच्या ऊसवाल्याला लगेच कळंल. तुम्ही एक शेत घेता. शेताला वाट दुसऱ्याच्या रानातनं, म्हणून वाटेपुरता तुकडा घेता. पाणी पंचगंगेवरनं आणायचं तर पाइपलाइन चार जणांच्या रानातनं जाणार, त्यांना सांभाळायचं, मग नदीवर मोटर, मोटरला खोली, खोलीला राखणदार. सुरुवात एका शेताची, शेवटी तुमची भांडणं नदीपर्यंत. इंग्रजांचं असंच झालं. जपायचा होता हिंदुस्थान. हिंदुस्थानच्या वाटेवर म्हणून १८३९ मध्ये एडन घेतलं. १८६९ ला सुएझ कालवा उघडला, मग कालवा जपायला १८८२ मध्ये इजिप्त. इजिप्त जगतो नाईलच्या पाण्यावर, म्हणून नाईलच्या उगमाकडं युगांडा, १८९४. मधला सुदान पण मग मोकळा कसा सोडायचा. आणि तिकडनं फ्रान्सचा कॅप्टन मार्शां अटलांटिकच्या किनाऱ्यावरनं निघून, बोटीचे भाग खांद्यावर वाहत, दोन वर्षं जंगल तुडवत जुलै १८९८ मध्ये नाईलवरच्या फशोदा नावाच्या गावात पोचला, बरोबर शंभर-सव्वाशे माणसं. सप्टेंबरमध्ये इंग्रजांचा सेनापती किचनर तोफांच्या बोटी घेऊन हजर. युरोपातली दोन बलाढ्य राष्ट्रं एका दलदलीतल्या पडक्या किल्ल्यासाठी युद्धाच्या काठावर गेली, लंडन-पॅरिसचे पेपर पेटले, शेवटी फ्रान्सनं माघार घेतली. आता कुणाला विचारा फशोदा कुठाय, सांगता येणार नाही. (दक्षिण सुदानमध्ये आहे, कोडोक म्हणतात आता त्याला.) यातली एकेक पायरी घेणाऱ्याला ती बचाव वाटत होती, हे लक्षात घ्या. समोरच्याला तीच पायरी चढाई वाटते, आणि दोघं खरंच बोलत असतात.

आता एक गोष्ट जी मला स्वतःला उशिरा समजली. तालुक्याच्या गावाला दोन गटांचे नेते एका लग्नात शेजारी शेजारी पंगतीला बसतात, एकमेकाला जिलेबीचा आग्रह करतात. डोकी फुटतात ती गावात. का? कारण वर दोघांकडंही गमावण्यासारखं फार आहे, कारखाना, बँक, शिक्षण संस्था. अमेरिका आणि सोव्हिएत युनियन दोघांकडं अणुबॉम्ब आल्यावर जगाचं असंच झालं. बर्लिनमध्ये किंवा समुद्रात समोरासमोर गोळी चालली तर मॉस्को आणि न्यूयॉर्क दोन्ही जाणार हे दोघांना माहीत. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबात क्षेपणास्त्रांवरनं ते इतके जवळ आले की नंतर दोघांनाही घाम फुटला, आणि १९६३ ला थेट संपर्काची हॉटलाइन बसवली. भांडण मात्र संपलं नाही, लांब गेलं. मध्ये जितकं थंड, कडेला तितकं गरम. व्हिएतनाम, अंगोला, अफगाणिस्तान. आपण त्याला शीतयुद्ध म्हणतो, अंगोलातल्या माणसाला ते शीत वाटलं नसणार.

कडेला कसं चालतं याचा नमुना म्हणून आफ्रिकेच्या शिंगाची, म्हणजे पूर्वेला समुद्रात घुसलेल्या टोकाची, हकिगत ऐकाच. इथिओपिया आणि सोमालिया शेजारी. मध्ये ओगादेन नावाचा कोरडा मुलूख, जमीन इथिओपियाची, माणसं सोमाली बोलणारी. हा त्यांचा बांध. इथिओपियाचा सम्राट हैले सेलासी अमेरिकेचा माणूस, त्याच्या अस्मारा शहरात अमेरिकेचं कॅग्न्यू नावाचं रेडिओ ऐकायचं मोठं ठाणं. म्हणून सोमालियाचा सियाद बारे सोव्हिएत गटात, १९७४ ला मैत्री करार, बर्बेरा बंदरात रशियनांचा तळ आणि चार किलोमीटर लांब धावपट्टी. सगळं जुळलेलं. पण त्याच १९७४ मध्ये इथिओपियात क्रांती झाली, सम्राट गेला, पुढं मेंगिस्टू आला, तो स्वतःला कम्युनिस्ट म्हणवणारा. रशियाला वाटलं वा, आता दोन्ही आपले. जुलै १९७७ मध्ये सोमालियानं ओगादेनवर हल्ला केला. एका गटातल्या दोन संस्थांचंच जुंपलं, आता गाडी कुणाच्या दारात थांबवायची? रशियानं मोठी म्हैस धरली. इथिओपियाला विमानं भरभरून शस्त्रं, वर क्यूबाचे सुमारे १५ हजार सैनिक. नोव्हेंबरात बारेनं रशियनांना हाकललं आणि अमेरिकेचं दार वाजवलं. १९८० मध्ये करार होऊन रशियानं बांधलेलं बर्बेरा अमेरिकेला वापरायला मिळालं. म्हणजे दोन्ही देशांनी पार्टनर बदलले, बांध होता तिथंच राहिला. अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांचे सल्लागार ब्रेझिन्स्की नंतर म्हणाले होते की अण्वस्त्रांवर मर्यादा घालणारा सॉल्ट करार ओगादेनच्या वाळूत पुरला गेला. त्या वाळूतल्या भांडणानं वरच्या पंगतीतली जिलेबी पण कडू केली.

हे वाचून कुणी म्हणंल की आफ्रिकेतली माणसं भोळी, त्यांनी जरा आपल्याच पन्हाळ्याकडं मान वळवावी. छत्रपतींच्या घराण्यात साताऱ्याची आणि कोल्हापूरची अशा दोन गाद्या झाल्या, वारसाहक्काचा वाद. दख्खनमध्ये निजामाला चौथाई द्यायची होती. तो म्हणाला, देतो की, पण नेमकी कुणाला? आधी तुमच्यात खरा छत्रपती कोण ते ठरू दे, मी निवाडा करतो. काय बेरकी डोकं बघा. थोरल्या शाहूंच्या विरोधात कोल्हापूरच्या संभाजीराजांनी निजामाची साथ घेतली, दुसऱ्या बाजूला बाजीराव. फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडला बाजीरावानं निजामाचं पाणी तोडून कोंडी केली, आणि मुंगी-शेवगावच्या तहात निजामानं कोल्हापूरची बाजू गुपचूप सोडून दिली. पुढं १७३१ ला दोन गाद्यांचा वारणेचा तह झाला, नदी ही हद्द. आजही पुलावरनं सांगलीच्या हद्दीत शिरताना ती तीच वारणा. निजाम, बाजीराव दोघं त्या काळचे मोठे खेळाडू, पण दार घरातनं उघडलं गेलं होतं.

उलटी बाजू पण तपासून बघितली मी. जिथं भाऊबंदच नाहीत तिथं काय होतं? अंटार्क्टिका. शीतयुद्ध भरात असताना १९५९ मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत युनियनसकट १२ देशांनी करार केला की इथं लष्करी तळ नकोत, फक्त विज्ञान. ६० वर्षं होऊन गेली, बऱ्यापैकी टिकलाय. थंडी हे कारण आहेच, पण तिथं बांधावरनं भांडणारा चुलतभाऊ नाही, हे पण कारण आहे. पेंग्विन कुणाकडं ठराव घेऊन जात नाहीत.

आता लहानांची दुसरी बाजू, नाहीतर ते बिचारे असं चित्र होतं आणि ते खरं नाही. आमच्या गावात एक आक्का आहे, घरात ती एकटी आणि दोन म्हशी. दुसरी संस्था निघाल्यावर आक्कानं सकाळचं दूध जुन्या डेअरीला आणि संध्याकाळचं नव्या डेअरीला घालायला सुरुवात केली. दोन पासबुकं. दिवाळीला दर फरक, म्हणजे दुधाचे वाढीव पैसे, दोन्हीकडनं. एकीकडनं सवलतीत पेंड, दुसरीकडचा डॉक्टर फुकट. सचिवानं विचारलं आक्का हे काय, तर म्हणाली, "सकाळची म्हस तुमची, सांजची त्यांची, दोगी बी गुणाच्या हायती."

आपल्या देशानं १९५० च्या दशकात तेच केलं. भिलाईचा पोलाद कारखाना रशियाच्या मदतीनं, राउरकेला पश्चिम जर्मनीच्या, दुर्गापूर ब्रिटनच्या, आणि खायला अमेरिकेचा पीएल-४८० या मदत कायद्याखालचा गहू. १९६३ ला बोकारोसाठी अमेरिकेचं जमेना म्हणून ते पण रशियाकडं गेलं. इजिप्तचा नासर तर आक्काच्या वरचढ, जुलै १९५६ मध्ये अमेरिकेनं आस्वान धरणाचे पैसे मागं घेतले तर आठवड्यात सुएझ कालवाच राष्ट्रीयीकृत करून टाकला आणि धरण रशियाकडनं बांधून घेतलं. आजचा जिबुती बघा, लाल समुद्राच्या तोंडावरचा इवलासा देश, अमेरिकेचा तळ आहे, फ्रान्सचा आहे, जपानचा, इटलीचा, आणि २०१७ पासून चीनचा परदेशातला पहिला लष्करी तळ पण तिथंच, अमेरिकेच्या तळापासनं काही मैलांवर. सगळ्यांकडनं भाडं. एकट्या अमेरिकेचं २०१४ च्या करारात वर्षाला सुमारे ६ कोटी ३० लाख डॉलर.

पण हे सगळ्यांना झेपत नाही. अफगाणिस्तानात हेलमंदची धरणं अमेरिकेनं बांधली आणि १९६४ ला सालंगचा बोगदा रशियानं. दोन्हीकडनं छान चाललं होतं. १९७९ च्या डिसेंबरात त्याच सालंगच्या बोगद्यातनं सोव्हिएत रणगाडे काबूलकडं उतरले. भारताएवढी म्हैस असली तर दोन्हीकडं दूध घालता येतं, लहानाला कधीतरी एक गाडी दारातच आडवी लागते.

ग्लास कधीच संपले होते. भाचा म्हणाला, "मग ते बर्बेरा? तिथं आता काय आहे?"

शीतयुद्ध संपत आलं तशी अमेरिकेनं सोमालियाची लष्करी मदत थांबवली. रशिया तर आधीच गेलेला. जानेवारी १९९१ मध्ये सियाद बारे राजधानी सोडून पळाला आणि देशाचे तुकडे झाले, बर्बेरा ज्या भागात आहे तो सोमालीलँड म्हणून वेगळा झाला, कितीतरी वर्षं जगानं ढुंकून बघितलं नाही. रशियाची ती चार किलोमीटरची धावपट्टी तशीच ऊन खात पडलेली. त्याआधी, बारेच्या काळात, नासानं ती स्पेस शटलला अडीअडचणीला उतरता यावं म्हणून भाड्यानं घेऊन ठेवली होती, शटल काही आलं नाही. मग २०१६ ला दुबईच्या डीपी वर्ल्ड कंपनीनं तिथलं बंदर चालवायला घेतलं, आणि आता परत एकेकाचे अधिकारी विमानानं येऊन बघून जातात, लाल समुद्रात गडबड वाढलीय ना.

"आणि आक्का?"

आक्काच्या दोन्ही म्हशी गेल्या वर्षी पाठोपाठ भाकड गेल्या. आठ महिने ना इकडचा सचिव दारात, ना तिकडचा. पेंड उधार मागितली तर संचालक मंडळात विचारतो म्हणाले. श्रावणात थोरली व्याली, रेडी झाली. बातमी गल्लीच्या तोंडाला पोचायच्या आत दोन मोटरसायकली आक्काच्या दारात, दोन्हीच्या मागं पेंडेचं पोतं. आक्कानं दोन्ही पोती उतरून घेतली आणि म्हणाली, चहा घेऊन जावा, दूध अजून चिकाचं आहे.